अदब, जाण आणि ऱ्हासाची तक्रार

‘पूर्वीची माणसे राहिली नाहीत’ हे वाक्य मराठी लेखनात इतक्या वेळा आणि इतक्या भिन्न काळांत आढळते की, ते एक समाजशास्त्रीय निरीक्षण आहे असे मानण्याआधी तो एक वाङ्मयीन संकेत आहे हे लक्षात घ्यावे लागते. प्रत्येक संकेताला असतो तसा या तक्रारीलाही एक निवेदक असतो. तो सहसा वयाने मोठा असतो, बहुधा पुरुष असतो, आणि ज्या व्यवस्थेत त्याला मान मिळत होता ती व्यवस्था त्याच्या डोळ्यांदेखत हलत असते. माणसे आज परस्परांशी कमी आदराने आणि कमी समजुतीने वागू लागली आहेत काय, हा प्रश्न वृत्तपत्रांतून, व्याख्यानमालांतून आणि प्राध्यापकांच्या खोलीतून नित्य विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना साहित्यसंहितांची साक्ष घ्यायची असेल, तर ही साक्ष कोण देत आहे हे आधी पाहावे लागेल. प्रस्तुत लेखात तेवढाच मर्यादित प्रयत्न केला आहे.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी कलियुगाचे जे वर्णन करतात त्यात एक तपशील मोठा बोलका आहे. त्या युगात शूद्र ब्राह्मणांना ‘भोः’ असे बरोबरीच्या नात्याने संबोधतील आणि ब्राह्मण मात्र त्यांना ‘आर्य’ म्हणतील, असे भाकीत तेथे केलेले आहे. युगान्ताच्या भयानक लक्षणांमध्ये संबोधनांची ही उलटापालट गणली जावी, ही गोष्ट सहज घडलेली नाही. आदराचा ऱ्हास म्हणजे नेमके काय, याचे उत्तर या तपशिलात दडलेले आहे: कोणी कोणाला कसे हाक मारावी याचा ठरलेला क्रम बिघडणे. पुढे सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकातील युगधर्मनिरूपणात जी खंत व्यक्त केली आहे तिचा गाभाही हाच आहे. गुरुत्व भलत्यांकडे गेले, म्हणून आचार बुडाला, असा तिचा आशय आहे.

परंतु याच ग्रंथाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांचा समास या संदर्भात वाचला की वेगळीच गोष्ट ध्यानात येते. दोघे बोलत असताना तिसऱ्याने जाऊन मध्येच बसणे, स्वतःची स्तुती स्वतःच करणे, कारण नसताना हसत सुटणे ही लक्षणे रामदास सांगतात तेव्हा त्यांत पूर्वी असे नव्हते हा सूर कोठेही नाही. मूर्खपणाला युग नसते, असे जणू गृहीतच धरले आहे. एकाच ग्रंथकाराच्या हातून असभ्यतेची दोन निरूपणे व्हावीत, त्यांतील एक कालातीत असावे आणि दुसरे ऱ्हासाचे, आणि ऱ्हासाचे निरूपण नेमके तेथे यावे जेथे सामाजिक उतरंडीचा प्रश्न येतो, याकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

मराठीतील शब्दसंग्रहही येथे उपयोगी पडतो. अदब, ताजीम, मुलाहिजा, मुर्वत, कदर हे शब्द फार्सी-अरबीच्या वाटेने, दरबाराच्या आणि कारभाराच्या भाषेतून आपल्याकडे आले. त्यांच्याभोवती उंच आसन, खाली झुकलेली मान, मागे सरत जाणे अशी चित्रे आहेत. दुसऱ्या बाजूला भीड, बूज, जाण, कणव, विचारपूस असे घरगुती वळणाचे शब्द आहेत. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपण म्हणतो, म्हणजे भिडेकडेही संशयाने पाहतो; पण ‘जाण’ या शब्दाविषयी मात्र मराठी माणसाने सहसा वाकडे बोललेले नाही. ‘त्याला जाण आहे’ असे म्हणताना दुसऱ्याची अडचण, दुखणे, भूक, लाज याला न सांगता समजते, असे आपल्याला सुचवायचे असते. अदब ही दिसणारी, मोजता येणारी आणि वसूल करता येणारी गोष्ट आहे. जाण वसूल करता येत नाही. ऱ्हासाच्या तक्रारीत या दोहोंची गल्लत होते; अदब कमी झाल्याचा पुरावा जाण कमी झाल्याचा पुरावा म्हणून सादर केला जातो, आणि ऐकणाराही तो मान्य करून टाकतो.

एकोणिसाव्या शतकात या गल्लतीवर पहिला थेट प्रहार एका स्त्रीने केला. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ साली शिक्षा झाली. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्रातून स्त्रियांच्या नव्या स्वैर वर्तनावर टीकेची झोड उठली. त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. हे पुस्तक स्त्रीवादी विचाराचा आरंभ म्हणून आपण शिकवतो, ते योग्यच आहे. पण ‘हल्लीच्या बायकांना मर्यादा उरली नाही’ या तक्रारीची झडती म्हणूनही ते वाचता येते. मर्यादा कोणी ठरवली, ती कोणासाठी, आणि ती ठरवणाऱ्याने स्वतः काय पाळले, असे प्रश्न ताराबाई विचारतात आणि ते शिष्ट भाषेत विचारत नाहीत. त्यांची भाषा भांडणाची आहे, चुलीपुढची आहे. तक्रारदाराच्याच शिष्ट भाषेत उत्तर दिले असते तर त्याचा निम्मा मुद्दा मान्य केल्यासारखे झाले असते, हे त्यांना उमगले असावे.

त्याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून जोतीराव फुल्यांच्या लेखनावर केलेली टीका पाहावी. फुल्यांचे व्याकरण, त्यांची भाषा, त्यांचे शिष्टसंमत नसलेले बोलणे हा त्या टीकेचा मोठा भाग आहे. गंमत अशी की, ज्याच्या लेखनात शिष्टता नाही म्हणून दोष द्यायचा त्याच्याविषयी लिहिताना शास्त्रीबोवांनी स्वतः सौजन्याची फारशी पर्वा केलेली नाही. शिष्ट मराठीला उपहासाची कधीच अडचण वाटली नाही; तो वरून खाली केलेला असला म्हणजे झाले. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) लिहिणाऱ्या फुल्यांची भाषा आज वाचताना तिच्यातला खडबडीतपणा ज्या कळकळीतून येतो ती कळकळ ‘निबंधमाले’च्या डौलदार वाक्यांत शोधूनही सापडत नाही, असे माझे मत आहे. गद्यशैली म्हणून चिपळूणकरांचे मोठेपण मान्य करूनही ते सांगावेसे वाटते.

जुन्या काळचा आदर म्हणजे प्रत्यक्षात काय होते, याची सर्वांत तपशीलवार नोंद बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात मिळते. पुरंदर तालुक्यातील वीरगावच्या महारवाड्यातील जगण्याचे हे वर्णन आहे. वाटेने जाताना समोरून वरच्या जातीचा माणूस आला की महार स्त्रियांनी वाट सोडून आडोशाला उभे राहायचे, पदर सावरायचा आणि पाया पडत असल्याचे तोंडाने म्हणायचे, अशी रीत होती. घरात नवीन आलेली अजाण सून हे म्हणायला विसरली तर त्याची तक्रार होई आणि तिच्या घरच्यांना बोलणी खावी लागत. हा भाग वाचताना एक गोष्ट विशेष जाणवते. त्या वाटेवरून जाणाऱ्या माणसाला विचारले असते, तर त्या काळी लोक फार आदबशीर होते, असेच त्याने मनापासून सांगितले असते. त्याची आठवण खोटी ठरली नसती. त्याला मिळालेला आदर खरोखरच मिळाला होता. आता तो मिळत नाही, हेही खरे आहे. मात्र त्या आठवणीत आडोशाला उभी राहिलेली सून कोठेही नाही, आणि तिला चेहरा मिळायला १९८६ साल उजाडावे लागले.

बेबी कांबळे यांचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. आपल्याच वस्तीतील सासवांनी सुनांना कसे वागवले, हेही त्या तितक्याच निष्ठुर प्रामाणिकपणे सांगतात. ज्यांना बाहेर प्रत्येक वाटसरूपुढे वाकावे लागे, त्या घरात आल्यावर आपल्याहून दुबळ्या असलेल्या कोवळ्या मुलीकडून तेच वाकणे वसूल करीत. अदबीची ही साखळी वरून खालपर्यंत अखंड जाते, आणि तिच्या अगदी शेवटच्या कडीलाही आपल्याखाली कोणीतरी हवे असते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८), लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी दिसते, पण तिचे घरातले टोक बेबीताईंनी जितके उघडे केले तितके अन्य कोणी केल्याचे आठवत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. सारा जुना आदर म्हणजे दडपशाहीच होती काय? आईवडिलांविषयी, शिक्षकांविषयी, पाहुण्याविषयी जे वाटत असे त्यात खरे काहीच नव्हते काय? होते. नसते, तर ‘नटसम्राट’ने तीन पिढ्यांना रडवले नसते. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले, आणि २०१६ साली त्यावरून निघालेल्या चित्रपटालाही प्रेक्षकांनी गर्दी केली. लिअर राजाच्या कथेशी नाते सांगणाऱ्या या नाटकाचा रूढ अर्थ सर्वांना ठाऊक आहे: मुलांनी बापाला टाकले, नव्या पिढीला आदर नाही.

मात्र संहिता नीट वाचली की हा अर्थ पुरेसा ठरत नाही. आप्पा बेलवलकरांच्या मुलांच्या घरी शिष्टाचाराची उणीव नाही. उलट तेथे शिष्टाचार फार आहे. आप्पांचा मोकळेपणा, त्यांचे मोठ्याने बोलणे, नातीशी त्यांची चाललेली दंगल हे सुनेला अशिष्ट वाटते. म्हणजे या घरात असभ्य कोण, या प्रश्नाचे उत्तर सुनेच्या दृष्टीने आप्पा हेच आहे. घर नीटनेटके आहे, वागणे मोजके आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला आपण येथे नकोसे झालो आहोत हे न बोलता कळावे अशी सगळी व्यवस्था आहे. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तोही रस्त्यावरच्या भांडणासारखा येत नाही. ज्याला मराठी मध्यमवर्ग ‘संस्कार’ म्हणतो तो तेथे शाबूत आहे. आणि शेवटी आप्पा पदपथावर येतात तेव्हा त्यांची जाण ठेवणारा कोण निघतो? राजा हा बूटपॉलिश करणारा पोरगा. त्याला कोणी रीतभात शिकवलेली नाही. ‘नटसम्राट’ हे आदराच्या ऱ्हासाचे नाटक आहे, असे म्हणणाऱ्यांनी राजाचे काय करायचे ते सांगायला हवे.

वर्गात हे नाटक शिकवताना अलीकडे विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, एक प्रश्न विचारू लागल्या आहेत. आप्पांना इतकी स्वगते आहेत, सुनेला एकही का नाही? प्रश्न थोडा भाबडा आहे, कारण नाटक आप्पांचे आहे. पण त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. दिवसभर दोन पिढ्यांच्या मध्ये उभे राहून घर चालवणाऱ्या बाईची जाण प्रेक्षकानेही ठेवलेली नाही, आणि नाटककाराने तसे करणे प्रेक्षकाला सोपे केले आहे.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या विजय तेंडुलकरांच्या नाटकात हीच रचना अधिक निर्दय रीतीने येते. खेडेगावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडतात आणि लीला बेणारे हिला आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा. ज्या आरोपामुळे १८८२ मध्ये ताराबाईंनी लेखणी उचलली, तोच आरोप पंच्याऐंशी वर्षांनी मध्यमवर्गीय दिवाणखान्यातल्या माणसांच्या करमणुकीचा विषय होतो, ही गोष्ट मला नेहमीच अस्वस्थ करते. या नाटकातील क्रौर्याची भाषा औपचारिक आहे. न्यायासनाचा मान, शपथ, ‘मिस बेणारे’ हे संबोधन, साक्षीदाराला केलेल्या विनंत्या, असे सर्व काही रीतसर आहे. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे यांच्यापैकी कोणाला कोणी असंस्कृत म्हणणार नाही. एका बाईचे खाजगी आयुष्य सर्वांसमोर सोलून काढायचे, तिची नोकरी जाणार हे उघड झाले तरी थांबायचे नाही, आणि शेवटी ‘हा तर खेळ होता’ म्हणून प्रयोगाच्या तयारीला लागायचे. हे शिष्टाचाराला सोडून झालेले नाही, शिष्टाचाराचा आधार घेऊनच झालेले आहे. अदब ही क्रौर्याची सोय कशी होऊ शकते याचे यापेक्षा नेमके उदाहरण मराठी नाटकात नाही.

आणि याही नाटकात सामंत आहे. तो गावचा साधा माणूस. शहरी मंडळींच्या रीतीभाती त्याला कळत नाहीत, खटल्यातही तो गोंधळलेलाच असतो, इतका की त्याच्या भाबडेपणाचाही बेणारेविरुद्ध वापर करून घेतला जातो. शेवटी सगळे पांगले असताना निपचित पडलेल्या बेणारेजवळ संकोचाने, दुरूनच, तो कापडाचा हिरवा पोपट ठेवतो. तेंडुलकर आणि शिरवाडकर हे प्रकृतीने अगदी भिन्न नाटककार आहेत. एकाला माणसाच्या हिंसेचे कुतूहल, दुसऱ्याला त्याच्या भव्यतेची ओढ. तरी तीन-चार वर्षांच्या अंतराने दोघांनीही जाण ठेवणारे माणूस शिष्ट वर्तुळाच्या बाहेर शोधले. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने (१९६३) आधीच दुसऱ्या मार्गाने हे दाखवले होते. वडील, प्राध्यापक, वसतिगृह, परंपरा यांपैकी कशाचीही पत्रास न ठेवणारा पांडुरंग सांगवीकर त्या काळच्या काही वाचकांना उद्धट वाटला. पण देवीने गेलेल्या मनीविषयी तो जे सांगतो त्या पानांइतकी कोवळी पाने त्या दशकातील कादंबरीत विरळाच.

आता वर्तमानाकडे यावे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी संबोधनांची तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत तिच्यात मोठे फेरफार झाले आहेत. वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारी मुले कमी होत चालली. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या शिकलेल्या मुलीही. ज्येष्ठांना हे खुपते. परंतु आईला आपण पिढ्यान् पिढ्या ‘तू’च म्हणत आलो आहोत आणि विठ्ठलालाही. त्यात अनादर होता असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. उलट ‘आपण’ आज सर्वाधिक कोठे भेटते, तर बँकेच्या नोटिशीत आणि दूरध्वनीवरच्या ध्वनिमुद्रित सूचनेत. तेथे समोर माणूसच नसतो.

मग काहीच बिघडलेले नाही काय? बिघडले आहे, पण त्याचे कारण पोरांच्या तोंडाळपणात शोधणे व्यर्थ आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात गिरणगावातील एक कुटुंब आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, आणि एका खोलीत आई, तीन मुलगे, मुलगी अशी माणसे एकमेकांच्या अंगावर येत राहतात. येथे कोणी कोणाशी धड बोलत नाही. एकमेकांचे लचके तोडणे चालू असते. हे नाटक पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’शेजारी (१९५८) ठेवून वाचावे. पुलंच्या चाळीतही दाटी आहे, भांडणे आहेत, पण शेवटच्या चिंतनात गेलेल्या दिवसांविषयी जी हळहळ आहे ती करण्याइतकी फुरसत आणि नियमित पगार त्या माणसांपाशी होता. ‘अधांतर’मधल्या माणसांना एकमेकांची जाण नाही असे नव्हे; भावाचे काय चालले आहे, बहीण कशात अडकली आहे हे प्रत्येकाला पुरते कळते. ती जाण वापरायला लागणारी जागा, पैसा आणि उद्याची खात्री त्यांच्याकडून काढून घेतली गेली आहे. दोन चाळींमधल्या चाळीस वर्षांत माणसांचा स्वभाव बदलला, असे म्हणणे सोपे आहे. बदलला तो महिन्याच्या पहिल्या तारखेचा अर्थ.

दुसरा बदल अधिक चमत्कारिक आहे. ज्या काळात आदर संपल्याची हाकाटी चालू आहे त्याच काळात आदराची मागणी कधी नव्हे इतकी वाढली आहे. फक्त ती जिवंत, समोर असलेल्या माणसासाठी राहिलेली नाही, प्रतिमांसाठी आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव शिरला आणि ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. कारण एका पुस्तकाने झालेला अनादर. २००९ मध्ये महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांना ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून माफी मागूनही, पुस्तक मागे घेऊनही पायउतार व्हावे लागले. संमेलन अध्यक्षाविना पार पडले. तुकोबांचा मान राखण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या एका लेखकाशी आपण कसे वागत आहोत, हा प्रश्न त्या दिवसांत फार थोड्यांना पडला. अदबीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज मोठा होता आणि त्यात आपल्या वाङ्मयीन संस्थाही होत्या. यादवांनी ‘झोंबी’त (१९८७) शिक्षणासाठी बापाशी झगडणारा एक शेतकरी पोर उभा केला होता, बापाचे काहीही न लपवता, आणि मराठी वाचकाने त्या वेळी ते पुस्तक डोक्यावर घेतले होते.